गाडीतल्या चार्जिंग सॉकेटचा फ्यूज : कुठं असतो, का उडतो आणि नीट कसा बदलायचा

गाडीत चार्जर लावला, त्याची लाइटच लागली नाही, दुसरा लावून बघितला तरी तेच, म्हणजे बहुतेक वेळा सॉकेटचा फ्यूज उडालेला असतो. काम छोटं आहे, फ्यूजही पाच-दहा रुपयांपासून मिळतो, घरी कुणालाही जमतं. तरीही हे सविस्तर लिहितोय कारण आपल्याकडं हायवेवर, टपरीवर, अगदी ओळखीतला कुणीतरी सुद्धा "दहा अँपिअरचा टिकत नाही ना, मग वीसचा टाका" असं सरळ सांगून मोकळा होतो, आणि काही जण तर उडालेल्या फ्यूजला तांब्याची तार नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून परत बसवतात. चार्जिंग चालू होतं हे खरं, पण गाडीला आग लागायची सोय पण होते. हे कृपया करू नका, कुणी करून देत असेल तर करू देऊ नका.

आधी हा फ्यूज करतो काय ते बघू. सॉकेटमध्ये मधे जी पिन असते ती प्लस आणि बाजूची गोल धातूची भिंत मायनस, बॅटरीचे १२ व्होल्ट, इंजिन चालू असलं की अल्टरनेटरमुळं (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) साधारण १४. बॅटरीतून सॉकेटपर्यंत जी वायर जाते ती डॅशबोर्डच्या आतून, कार्पेटखालून, इतर शंभर वायरींच्या जुडग्यातून जाते. त्या वायरीला किती करंट झेपेल हे कंपनीने ठरवलेलं असतं आणि त्या हिशोबानंच फ्यूज दिलेला असतो. फ्यूजच्या आत एक बारीक पट्टी, जास्त करंट गेला की ती तापते आणि वितळून तुटते, सर्किट बंद. म्हणजे फ्यूज तुमच्या मोबाईलसाठी नाहीच, तो वायरीसाठी आहे. दहाच्या जागी वीसचा घातला तर वायर तीच राहते ना, जाड नाही होत. मग जे वितळायचं ते फ्यूजमध्ये न वितळता वायरीवरचं प्लास्टिक वितळतं, आणि ते कुठं, तर डॅशबोर्डच्या आत जिथं तुमचा हात पण पोचत नाही आणि नजर पण.

हिशोब सोपा आहे, वॅट भागिले व्होल्ट बरोबर अँपिअर. बऱ्याच गाड्यांच्या सॉकेटच्या झाकणावर १२ व्होल्ट १२० वॅट असं छापलेलं असतं, म्हणजे १० अँपिअर. मोबाईलचा फास्ट चार्जर ३० वॅटचा धरला तरी अडीच अँपिअर, त्यानं काही होत नाही. टायरमध्ये हवा भरायचा पंप मात्र एकटाच दहा ते पंधरा अँपिअर खेचू शकतो, त्याच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, घ्यायच्या आधी वाचा. छोटा फ्रिज, कॉफीची किटली, व्हॅक्यूम क्लीनर हे सगळे त्याच जातीतले. आणि इन्व्हर्टर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात कित्येक दिवस लाइट नव्हती, गाडी हाच चार्जिंगचा आधार होता, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हाही तेच. तेव्हापासून बरेच जण सॉकेटला लावायचा १५० वॅटचा इन्व्हर्टर गाडीत ठेवतात. आता १५० भागिले १२ करा, साडेबारा अँपिअर, वर इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो ते वेगळं. दहाच्या फ्यूजवर तो पूर्ण लोडला चालणारच नाही, लॅपटॉप आणि दोन मोबाईल एवढ्यावर ठेवला तर चालेल. एका सॉकेटला तीन तोंडांचा स्प्लिटर लावला म्हणून करंट तिप्पट मिळत नाही, तिन्हीचं मिळून त्याच एका फ्यूजमधून जातं.

अजून एक गोष्ट जी लोकांना गोंधळात टाकते. "पंपानं पहिला टायर भरला, दुसरापण भरला, तिसऱ्याला फ्यूज गेला, मग फ्यूजच खराब असणार." नाही हो. फ्यूज लगेच उडतो तो शॉर्ट झाल्यावर, तिथं करंट एकदम प्रचंड होतो. रेटिंगच्या दुप्पट करंट असला तर काही सेकंदांत जातो, पण थोडासाच जास्त असला तर पट्टी हळूहळू तापत राहते आणि काही मिनिटांनी जाते. म्हणून बारा अँपिअरचा पंप दहाच्या फ्यूजवर थोडा वेळ चालल्यासारखा वाटतो. फ्यूजनं त्याचं काम बरोबरच केलेलं असतं. असा पंप असेल तर तो सॉकेटला लावायचाच नाही, बॅटरीला थेट क्लिपा लावायचा पंप मिळतो ज्याच्या वायरीत स्वतःचा फ्यूज असतो, तो घ्या. समुद्रावर वाळूत गाडी घालून टायरची हवा सोडणारे आणि मग बाहेर येऊन चारही टायर भरणारे जे आहेत त्यांनी तर नक्कीच. (मुळात वाळूत गाडी घालू नये हे माझं मत, भरती कुणासाठी थांबत नाही.)

रंग आणि साइज

आता जवळपास सगळ्या गाड्यांत दोन पात्यांचे प्लास्टिकचे फ्यूज असतात. जुन्या पद्मिनी-अॅम्बॅसेडरच्या काळातले काचेचे नाहीतर चिनीमातीचे गेले. पात्याच्या फ्यूजचा रंग म्हणजे त्याचं रेटिंग, ५ फिकट बदामी, साडेसात ब्राउन, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा-पारदर्शक, ३० हिरवा. डोक्यावर आकडा पण असतो, दोन्ही बघा, कारण रात्री टॉर्चच्या उजेडात बदामी आणि ब्राउन सारखेच दिसतात. सॉकेटला बहुतेक लाल, निळा नाहीतर पिवळा असतो, गाडीगाडीप्रमाणं. तुमच्या गाडीत कितीचा हे ठरवणार मॅन्युअल आणि फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा. आत्ता जो बसलाय तो बघून ठरवू नका, गाडी सेकंडहँड असेल तर आधीच्या मालकानं काय घालून ठेवलंय देवाला माहीत. नकाशात १५ लिहिलंय आणि आत पिवळा दिसतोय, असं असेल तर तो चालू असला तरी काढून निळा घाला.

रंग सगळ्या साइजना तोच असतो पण साइज वेगळ्या असतात. मोठा म्हणजे रेग्युलर, त्याहून लहान मिनी, मिनीतच बुटका लो-प्रोफाइल, आणि नव्या गाड्यांत अगदी अरुंद मायक्रो. रेग्युलरच्या जागी मिनी बसत नाही, आणि मिनी व बुटका जवळजवळ सारखे दिसतात त्यामुळं दुकानात गडबड होते. जुना फ्यूज खिशात घालून घेऊन जा, दुकानदाराला दाखवा. आणि शंभर फ्यूजचा रंगीत डबा अगदी कवडीमोलानं मिळतोय म्हणून ऑनलाइन घेऊ नका. स्वस्त नकली फ्यूज आकड्याला जुळून उडतीलच याची खात्री नसते, आणि न उडणारा फ्यूज म्हणजे गुंडाळलेली तारच. लिटलफ्यूज, बॉश असले नावाजलेले घ्या किंवा गाडीच्या कंपनीच्या स्पेअरच्या दुकानातून घ्या, थोडे पैसे जास्त गेले तर जाऊदेत.

फ्यूज बॉक्सला हात लावायच्या आधी

आधी चार्जर तपासा. दुसऱ्या गाडीत लावून बघा, नाहीतर आपल्या सॉकेटला दुसरी काहीतरी वस्तू लावून बघा. पंप आणि काही चार्जर यांच्या पुढच्या टोकाशी एक गोल आटा असतो, तो फिरवून उघडला की आत बारीक काचेचा फ्यूज असतो, बऱ्याचदा तोच गेलेला असतो आणि गाडीचा ठणठणीत असतो. तो बदलताना पण तेवढ्याच अँपिअरचा.

मग चावी. काही गाड्यांत सॉकेट फक्त चावी एसीसीवर (इंजिन बंद ठेवून म्युझिक वगैरे चालतं ती जागा) किंवा चालू असताना चालतो, काहींत कायम चालू. डिकीतल्या सॉकेटला आणि पुढच्या सॉकेटला वेगळे फ्यूज असू शकतात. उलट काही गाड्यांत सॉकेट, यूएसबी, म्युझिक सिस्टीम, बाजूचे आरसे असं दोन-तीन गोष्टी मिळून एकच फ्यूज असतो, त्यामुळं सॉकेटबरोबर अजून काय बंद पडलंय ते बघून घ्या, शोधायला सोपं जातं.

फ्यूज बॉक्स बहुतेक दोन असतात. एक आत, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ डॅशबोर्डखाली किंवा सुट्ट्या पैशांच्या छोट्या कप्प्यामागं, काही गाड्यांत डावीकडं ग्लोव्ह बॉक्समागं. दुसरा बॉनेटखाली बॅटरीजवळ काळ्या डब्यात. सॉकेटचा फ्यूज बहुतेक आतल्या बॉक्समध्ये सापडतो. नकाशावर त्याला पॉवर आउटलेट, सिगार लायटर, एसीसी सॉकेट असली नावं शॉर्टमध्ये लिहिलेली असतात. सापडत नसेल तर मॅन्युअलची पीडीएफ कंपनीच्या साइटवर असते, तुमच्या मॉडेलची आणि वर्षाची बघा, त्याच गाडीच्या दोन वर्षांच्या मॉडेलमध्ये जागा बदललेली असू शकते.

बदलायचा कसा

गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, इंजिन बंद. घाटात वळणावर थांबून हे करू नका, कशेडी काय, परशुराम काय, आंबोली काय, पावसात धुकं असतं आणि मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसत नाही. सॉकेट बंद पडला म्हणून गाडी थांबत नाही, पुढं पेट्रोल पंपावर नाहीतर हॉटेलच्या आवारात जाऊन निवांत करा. हात कोरडे, चप्पल-बूट कोरडे. सॉकेटला लावलेलं सगळं काढा. चावी बंद करून बाहेर काढा, बटण स्टार्ट असेल तर पूर्ण बंद झाली याची खात्री करा.

झाकण उघडलं की सगळ्यात आधी फ्यूज बॉक्सचा मोबाईलवर फोटो काढा. चुकून दोन फ्यूज निघाले तर कुठला कुठं होता हे नंतर आठवत नाही, आणि एअरबॅग, एबीएसचे फ्यूजही तिथंच असतात, त्यांना उगाच हात लावायचा नाही. बॉक्समध्ये किंवा झाकणाला एक छोटा प्लास्टिकचा चिमटा अडकवलेला असतो, तो फ्यूज काढण्यासाठीच दिलेला असतो, त्यानं धरून सरळ बाहेर ओढा. डावीउजवीकडं हलवून काढू नका, खालची पकड सैल होते आणि ती सैल झाली की पुढचं दुखणं सुरू, ते खाली सांगतो. चिमटा नसेल तर लांब नाकाची पक्कड चालेल, हळू. स्क्रूड्रायव्हरनं उचकटायचं नाही, टोक बाजूच्या फ्यूजला आणि बॉडीला एकदम टेकलं तर भलताच शॉर्ट होईल.

काढल्यावर उजेडाकडं धरून बघा. मधली पट्टी तुटलेली, आत काळं झालेलं दिसलं तर उडालाय. पण कधी चीर इतकी बारीक असते की डोळ्याला अखंडच वाटतो, म्हणून मल्टिमीटर असेल तर तो बीपच्या सेटिंगवर ठेवून दोन पात्यांना लावा, बीप वाजली तर फ्यूज चांगला. टेस्टलॅम्प (एका बाजूला क्लिप, दुसऱ्या बाजूला टोक असलेला छोटा तपासणीचा दिवा) असेल तर फ्यूज न काढताच कळतं, फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात, लॅम्पची क्लिप गाडीच्या उघड्या स्क्रूला लावायची आणि टोक एकेका ठिपक्याला. दोन्हीकडं लागला तर फ्यूज चांगला, एकीकडंच लागला तर गेलेला, आणि दोन्हीकडं नाही लागला तर फ्यूजपर्यंतच करंट येत नाहीये. या टेस्टला चावी एसीसीवर पाहिजे हं, नाहीतर चांगल्या फ्यूजवर पण दिवा लागणार नाही आणि तुम्ही उगाच वायरिंग शोधत बसाल. बघून झालं की चावी परत बंद.

नवा फ्यूज, तेवढ्याच आकड्याचा, तेवढ्याच साइजचा, बोटानं दाबून पूर्ण खाली बसवा. आणि आता घाई नको. चावी एसीसीवर करा पण सॉकेटला काही लावू नका, थोडं थांबा, फ्यूज शाबूत आहे का बघा. सॉकेट रिकामा असतानाच उडाला तर सॉकेटमध्ये किंवा वायरीत शॉर्ट आहे, दुसरा फ्यूज वाया घालवू नका. टिकला तर साधा मोबाईल चार्जर लावा. तोही चालला की इंजिन चालू करून पंप लावा, आणि पंपानंच उडत असेल तर पंप तुमच्या सॉकेटच्या ताकदीबाहेरचा आहे किंवा त्याची मोटर अडकतेय.

उडाला कशानं

फ्यूज आपोआप म्हातारा होऊन जातो असं क्वचित होतं. माझं म्हणणं एवढंच की नवा घालायच्या आधी सॉकेटमध्ये टॉर्च मारून बघाच. सगळ्यात जास्त सापडतं ते नाणं. सॉकेट गिअरजवळ वर तोंड करून असतो, तिथंच सुट्टे पैसे ठेवायची जागा, रुपया घरंगळून आत गेला की पिन आणि भिंत जोडली जाते. दुसरं, स्वस्त चार्जरच्या पुढच्या टोकाचा धातूचा तुकडा आणि आटा सैल होऊन आतच राहतो, चार्जर बाहेर आला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. काढायचं असेल तर चावी बंद आणि फ्यूज बाहेर, दोन्ही, कारण कायम चालू असणाऱ्या सॉकेटला चावी बंद करून काही उपयोग नाही. मग लाकडी काडी, प्लास्टिकचा चिमटा. धातूचा चिमटा फ्यूज जागेवर असताना आत घालायचा नाही.

आणि मग आपलं किनाऱ्याचं स्पेशल. खारी हवा. मालवण, देवगड, गुहागर, हर्णै, समुद्राजवळ गाडी कायम उभी असते तिथं सॉकेटच्या आत आणि फ्यूजच्या पात्यांवर हिरवट-पांढरा थर धरतो. समुद्रावरून आल्यावर ओले टॉवेल, ओली मुलं, वाळू, सगळं गिअरजवळ सांडतं. पावसाळ्यात छत्री दोन सीटच्या मधे ठेवायची सवय, पाणी थेट सॉकेटमध्ये. वापरत नसताना सॉकेटचं झाकण बंद ठेवा, हरवलं असेल तर रबरी झाकण विकत घ्या. मातकट-खारट झालेला सॉकेट फ्यूज काढून ठेवून आधी मऊ कोरड्या ब्रशनं साफ करा, मग इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा थोडा स्प्रे, पूर्ण वाळू द्या, मगच फ्यूज घाला. सँडपेपर घासू नका, वरचा मुलामा निघून गेला की गंज दुप्पट वेगानं येतो.

उंदीर पण. पावसात शेतात पाणी झालं की उंदीर खळ्यातल्या गाडीत येतात, बॉनेटखाली ऊब असते. कुरतडलेली वायर बॉडीला टेकली की फ्यूज जातो. नवा फ्यूज परत परत जात असेल आणि सॉकेट स्वच्छ असेल तर बॉनेटखाली आणि कार्पेटखाली लेंड्या दिसतात का बघा.

आता ते वर म्हटलेलं दुखणं. फ्यूज काढल्यावर आतली पट्टी अखंड आहे पण बाजूचं प्लास्टिक वितळलंय, पातं काळं-निळं झालंय, असं दिसलं तर करंट जास्त झालेला नाही, पकड सैल आहे किंवा गंजलीय. सैल जोडाला रेझिस्टन्स म्हणजे करंटला होणारा अडथळा वाढतो, तिथंच उष्णता तयार होते, आणि अशा वेळी फ्यूज उडत नाही कारण करंट मर्यादेतच असतो. हे उडालेल्या फ्यूजपेक्षा धोक्याचं आहे कारण थांबवणारं कुणी नाही. सॉकेटचंही तसंच, चार्जर काढल्यावर टोक चटका बसेल इतकं गरम लागत असेल तर चार्जर सैल बसतोय. तिथं नवा फ्यूज हे औषध नाही, फ्यूज बॉक्समधली पकड किंवा सॉकेटच बदलून घ्यायला लागतो, आणि ते ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम.

पुराचं पाणी सीटपर्यंत गेलेल्या गाडीत यातलं काहीही करू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठी नदीचं पाणी शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी बघितलंय. अशी गाडी वाळल्यासारखी दिसली तरी चावी फिरवायची नाही, बॅटरीची मायनस तार जाणकाराकडून काढून घ्यायची आणि टो करून न्यायची. इलेक्ट्रिक गाडीत सॉकेटसाठी वेगळी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि त्याचा फ्यूज असाच बदलता येतो, पण नारिंगी रंगाची जाड केबल दिसली की हात मागं, ती हाय व्होल्टेज. ट्रक आणि मोठ्या बसला बहुतेक २४ व्होल्ट असतात, तिथं फक्त १२ व्होल्टचा असं लिहिलेला पंप लावला तर जळेल.

ग्लोव्ह बॉक्समध्ये तुमच्या गाडीच्या साइजचे दोन-दोन फ्यूज ठेवा, सॉकेटच्या आकड्याचे आणि हेडलाइट-वायपरच्या आकड्यांचे पण, छोट्या झिपच्या पिशवीत, खाऱ्या हवेत उघडे ठेवले तर गंजतात. रस्त्यात नसेलच जवळ तर त्याच आकड्याचा फ्यूज म्युझिक सिस्टीमचा तात्पुरता काढून वापरता येतो, पण पावसाळ्यात वायपर, हेडलाइट, हॉर्न, ब्रेकलाइट यांचा मोबाईल चार्ज करायला कधीच काढायचा नाही.

सॉकेटमधून धूर किंवा जळका वास आला तर लावलेली वस्तू ओढून काढा, गाडी बाजूला घ्या, चावी बंद, सगळे बाहेर. मग फ्यूज काढून ठेवा आणि तसेच गॅरेजला जा. इलेक्ट्रिशियनला "सॉकेट चालत नाही" एवढंच सांगू नका, त्याला सांगा की फ्यूज कितीचा होता, रिकाम्या सॉकेटला उडाला की काही लावल्यावर, लगेच की थोड्या वेळानं, पट्टी तुटलेली की प्लास्टिक वितळलेलं, आणि सोबत अजून काय बंद पडलं. जुना फ्यूज टाकून न देता त्याच्या हातात द्या, त्यावरून त्याला निम्मं काम आधीच कळतं. आणि तो मोठा फ्यूज घालून द्यायला लागला तर नको म्हणा.